भूलतज्ज्ञाची उमेदवारी



बधिरीकरणशास्त्राच्या निवासी डॉक्टरांस शल्यगृहाबाहेरील ‘उपद्व्यापांत’ गुंतवू नये, हा आपल्या पत्रलेखकाचा अभिप्राय वरकरणी सयुक्तिक भासला तरी नागपूरच्या मेडिकलमध्ये उमेदवारी केलेल्या मजसारख्यास तो मान्य होणे कठीण. २०२० च्या अधिसूचनेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांस तिसऱ्या ते पाचव्या सत्रांत, म्हणजे वर्षभर हात बसल्यावरच, जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांचे काम बंधनकारक केले. पत्रलेखक त्यास कागदी सोपस्कार म्हणतात. परंतु शस्त्रक्रियेअंती स्नायूंची शिथिलता उतरविण्यासाठी आपण नित्य टोचतो ते निओस्टिग्मिन, ॲट्रोपिनसह व प्रतिसर्पविषाच्या जोडीला, नागदंशाने श्वास मंदावलेल्या शेतमजुरास का तारते आणि मण्यारीच्या दंशात मात्र बहुधा निष्प्रभ का ठरते, याचा उलगडा गडचिरोलीच्या पावसाळी रात्री जसा होईल तसा मेडिकल चौकातील सुसज्ज शल्यगृहात व्हावयाचा नाही. (मण्यारीचा रुग्ण कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर सांभाळावा लागतो, तेही भूलतज्ज्ञाचेच काम.) कर्करोगाच्या वेदनेस मॉर्फिनची मात्रा बेतणे हेही याच विद्येचे अंग होय.

वरिष्ठांच्या गैरहजेरीत नवख्यावर सिझेरियनची भूल सोपवू नये, ही त्यांची तक्रार मात्र रास्त असून तिची दाद संबंधित खात्याकडे जरूर मागावी.

— एक निवृत्त भूलतज्ज्ञ, धंतोली, नागपूर