तिळांतलें तेल

खनिज तेल भूगर्भांत कसें असतें, हें शाळेंत शिकवितांना आम्ही फळ्यावर खडकाची एक कमान काढीत असूं. तेल खोल खडकांत तयार होतें, वर झिरपतें आणि अभेद्य कमानीखालीं सच्छिद्र थरांत सांचतें. १९७४ सालीं मुंबईजवळच्या समुद्रांत सांपडलेला सांठा याच जातीचा. तेव्हां आकृति खोटी नव्हती. पण परवां नातवानें विचारलें, “आजोबा, जें तेल वर चढूंच शकलें नाहीं, त्याचें काय झालें?” इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या मनांत आला नव्हता.

त्याचें उत्तर अमेरिकेंतील नॉर्थ डकोटांत मिळतें. तेथें विलिस्टन नांवाचें गाळाच्या खडकांचें विस्तीर्ण, द्रोणाकार खोरें आहे. सुमारें ३६ कोटि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता. तळाच्या पाण्यांत प्राणवायु नसल्यामुळें सूक्ष्म जीवांचे अवशेष न कुजतां चिखलांत गाडले गेले. त्या चिखलाचे काळ्या शेलचे दोन थर झाले. त्यांच्यामध्यें वाळू, गाळ व डोलोमाइट यांचा एक थर आहे. हेन्री बाकेन या शेतकऱ्याच्या आडनांवावरून या सर्वांस बाकेन म्हणतात. खोऱ्याच्या मध्याशीं तो सुमारें दोन मैल खोल असून तेथील उष्णतेनें अवशेषांचें तेल झालें. कडेला उथळ भागांत मात्र ते कच्चेच राहिले. तेल होतांना दाब वाढला, बारीक भेगा पडल्या, आणि तें शेजारच्या मधल्या थरांत शिरून तेथेंच थबकलें. वरखालचे खडक घट्ट, मधल्या थराचीं छिद्रें अतिसूक्ष्म. पुढें जाणार कोठून? येथें कमानीची गरजच नाहीं. तेल मैलोगणती पसरलेलें असतें. पण थराची जाडी, मुरलेली उष्णता व भेगा जागोजाग निराळ्या, म्हणून एक विहीर भरभरून देते आणि दुसरी निराशा करते.

तैल हा शब्दच मुळीं तिळावरून आला. तीळ कितीहि टोंचला तरी तेल वाहत नाहीं, घाणा लागतो. येथील घाणा असा: विहीर खोल नेऊन मधल्या थरांत आडवी वळवावयाची आणि प्रचंड दाबानें वाळूमिश्रित पाणी सोडून खडक फोडावयाचा. वाळूचे कण भेगांत अडकून त्या मिटूं देत नाहींत. माँटॅनांत २००० सालीं व नॉर्थ डकोटांतील पार्शल येथें २००६ सालीं या थरांतील मोठीं क्षेत्रें हातीं लागलीं. मात्र अशा विहिरीचें उत्पन्न पहिल्या वर्षांतच झपाट्यानें उतरतें, व पुन्हां नवी खोदावी लागते. पाण्याचा खर्च निराळाच.

नातवाच्या वहींत आम्हीं कमानीशेजारीं दोन काळ्या रेघा व मध्यें एक करडी रेघ काढून दिली आहे.