पाचारणाचा उन्हाळा : सिम्सबरी, १९४४

धाकट्या मार्टिन ल्यूथर किंग यांची कथा आपण १९५५च्या माँटगोमेरी बस-बहिष्कारापासून सांगतो. माझ्या मते ती कनेक्टिकट राज्यातील सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतात सुरू व्हायला हवी.

साल १९४४, वय पंधरा. मोअरहाउस महाविद्यालयाच्या खर्चासाठी सुट्टीतली मजुरी. दर रविवारी सोबतच्या १०७ मुलांपुढे एखाद्या वचनावर बोलण्याचे काम किंग यांच्याकडे आले. तिथल्या चर्चमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसतात, हे त्यांनी पत्रांतून घरी अप्रूपाने कळवले. परतीच्या प्रवासात मात्र वॉशिंग्टनला गाडी बदलून पुन्हा कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यात बसावे लागले.

वडील आणि आजोबा पाद्री, म्हणून किंगही पाद्री झाले, हे स्पष्टीकरण मला तोकडे वाटते. वैद्यक आणि वकिलीचे विचार त्यांच्या मनात होतेच. (घराण्याची गादी आपोआप चालते, असे आपल्यालाही वाटतेच म्हणा!) पण १९४८ साली क्रोझर धर्मविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात त्यांनी स्वतः आपल्या पाचारणाचा काळ १९४४चा उन्हाळा असा नोंदवला. त्यात दृष्टान्त नाही, चमत्कार नाही. समाजाच्या सेवेची टाळता न येणारी ओढ, एवढेच कारण दिले आहे.