डिफरन्शियल लॉक : गरज किती, हौस किती?

शाहूपुरी (कोल्हापूर), प्रतिनिधी – वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि दुर्गम भागांत प्रवासासाठी मोटार घेऊ इच्छिणाऱ्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्या हिशेबाने उभा राहिला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर आता १८ टक्के कर आहे. महिंद्रा थारचा केवळ मागच्या चाकांवर चालणारा दीड लिटर डिझेल प्रकार या गटात बसतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या थारचे इंजिन मोठे असल्याने तिच्यावर मात्र ४० टक्के कर आकारला जातो. साहजिकच फोर बाय फोर, लो गिअर आणि डिफरन्शियल लॉक यांपैकी नेमके कशासाठी जादा पैसे मोजायचे, याचा विचार करणे ग्राहकाला भाग पडले आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये गुळाची बाजारपेठ म्हणून उभी राहिलेली शाहूपुरी आजही व्यवहाराला चोख आहे. येथील व्यापारी कुटुंबातील तरुण पिढी लडाख, स्पिती, जैसलमेरच्या वाटा धुंडाळू लागली आहे. त्यांच्या चर्चेत ‘लॉक नसलेली गाडी काय कामाची?’ हे वाक्य हमखास येते. हे कितपत खरे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. रस्त्यावर ती वरदान ठरते. चिखलात मात्र तीच अडचणीची होते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि त्याची मर्यादा कमी पकड असलेले चाक ठरवते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले, की कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही गाडी हलविण्याएवढा जोर मिळत नाही.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला यावरचा उपाय नवा नाही. ओल्या रानातून उसाची ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरचालक टाचेजवळचे पेडल दाबतो, मागची दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो. पेडल दाबलेले असताना वळण घ्यायचे नाही, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मोटारीतील लॉक याच तत्त्वावर चालते.

बाजारात काय आहे?

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी दुसऱ्या पिढीची थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली. तिच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलला यांत्रिक लॉक देण्यात आले. दोन चाकांच्या गतीत मोठा फरक पडला, की ते आपोआप जोडले जाते. चालकाला काही करावे लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांत हे काम बटणावर चालणारे इलेक्ट्रॉनिक लॉक करते. पुण्याच्या फोर्स मोटर्सने गुरखा मोटारीत पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना चालकाच्या हाती असलेली स्वतंत्र लॉक दिली. जून २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीने निराळा मार्ग स्वीकारला. तिच्यात लॉक नाही. फिरकी घेणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवितो.

ब्रेकवर आधारित ही पद्धत स्वस्त, हलकी आणि बहुतेक प्रसंगी पुरेशी असते. तिचा दोष एवढाच, की ती चाक फिरल्यानंतर जागी होते आणि चालकाला ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो. लांबलचक चिखलाच्या चढावर ब्रेक तापतात आणि तिचा प्रभाव ओसरतो. मागच्या काळात लोकप्रिय ठरलेल्या जिप्सीत यापैकी काहीच नव्हते. तरीही हलके वजन, लो गिअर आणि चालकाचे कौशल्य यांच्या बळावर तिने लष्कराची अनेक वर्षे सेवा केली, हे विसरता येत नाही.

वाट कोणती, यावर उत्तर

कोल्हापूरहून लेहपर्यंतचा प्रवास अडीच हजार किलोमीटरहून अधिक आहे. त्यातील बहुतांश भाग डांबरी महामार्गाचा आहे. मनालीपुढील अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांग खिंडीचा बिकट टप्पाही टळला. उरतात ते बर्फ वितळल्याने दुपारनंतर फुगणारे नाले, कच्चे पट्टे आणि विरळ हवा. या वाटेवरून दरवर्षी मोटारसायकली आणि साध्या मोटारीही जातात. तेथे जमिनीपासूनची उंची, उत्तम टायर आणि सकाळी लवकर निघण्याची शिस्त कामी येते. लॉकचा प्रसंग क्वचितच उद्भवतो.

जैसलमेरच्या वाळूत गाडी रुतते ती प्रामुख्याने टायरमधील हवेमुळे. हवेचा दाब १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरविला, की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. तेथे लॉकपेक्षा हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर अधिक मोलाचा. लॉकचे खरे महत्त्व कळते ते खडकाळ, खोल चरांच्या वाटेवर. एक पुढचे आणि त्याच्या तिरक्या रेषेतील मागचे चाक अधांतरी झाले, तर लॉक नसलेली फोर बाय फोर मोटारही जागीच थांबू शकते.

पावसाळ्यातील गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर परिसरातील जांभ्याच्या निसरड्या वाटांवर लॉकची मदत होते, यात शंका नाही. परंतु पुराच्या पाण्यात त्याचा काडीचाही उपयोग नाही. जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५६ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी, तसेच २०१९ मध्ये, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, तर गुरखाची ७०० मिलिमीटर सांगितली जाते. ती संथ पाण्यासाठी आहे. वाहत्या पाण्यात गाडी ढकलली जाते तेव्हा चाके बांधलेली असोत वा मोकळी, परिणाम एकच होतो. लॉक आहे म्हणून मांडुकलीच्या पाण्यात गाडी घालणे हा जिवाशी खेळ ठरेल.

लॉक घातकही ठरू शकते

लॉक लावलेले असताना गाडी सरळ जाऊ पाहते. पुढचे लॉक लावल्यास स्टिअरिंग जड होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते तसेच ठेवल्यास ॲक्सलच्या भागांवर अवाजवी ताण येतो आणि घाटातील तीव्र वळणावर गाडी बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. एका बाजूला उतार असलेल्या बर्फाळ वाटेवर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडी आडवी घसरते. म्हणूनच अडचणीच्या जागेपुरते लॉक लावावे आणि ती पार होताच सोडावे, हा नियम पाळणे अत्यावश्यक आहे.

बाहेरून लॉक बसवून घेण्याचा पर्याय काहीजण निवडतात. मात्र त्यामुळे कंपनीची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे असे काम हाती घेण्यापूर्वी वाहन कंपनी व विमा कंपनी यांच्याकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे.

खर्चाचा क्रम

या साऱ्याचा विचार करता खर्चाचा क्रम स्पष्ट होतो. आधी चांगले टायर आणि कंप्रेसर. त्यानंतर ओढण्याचा पट्टा, फावडे आणि ते वापरण्याचा सराव. मग लो गिअर असलेली फोर बाय फोर यंत्रणा. लॉक त्याच्याही नंतर आणि तेही प्रथम मागच्या ॲक्सलला. दुसरी गाडी सोबत असणे हे तर कोणत्याही यंत्राहून मोठे विमाकवच आहे.

अपवाद मात्र आहे. जो एकट्याने, कुटुंबासह, भरपूर सामान लादून, मदत पोहोचण्यास दिवस लागेल अशा भागात वारंवार जातो, त्याच्यासाठी मागचे लॉक ही चैन नसून सुरक्षिततेची तरतूद आहे. त्याने ते कारखान्यातूनच बसविलेले घ्यावे. वर्षातून एकदा लडाख आणि उरलेले दिवस शाहूपुरी ते शिरोली अशा फेऱ्या मारणाऱ्याने मात्र तो पैसा टायर, डिझेल आणि चालविण्याच्या प्रशिक्षणावर खर्च करणेच अधिक हिताचे आहे.