चावी मिळाली, जमीन कोणाची?

मुंबई-पुण्यापाठोपाठ सातारा व सांगलीतही फ्लॅट संस्कृती रुजली, त्याला बराच काळ लोटला. जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतींचा विकासक बहुधा स्थानिक, ओळखीतला. त्यामुळे खरेदीखत होऊन चावी मिळाली की व्यवहार पुरा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती घातक आहे. इमारतीखालची जमीन विकासकाच्या वा मूळ मालकाच्या नावे तशीच राहू शकते आणि देखभालीची सूत्रेही त्याच्याच हाती राहतात.

कायद्याला हे मान्य नाही. 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्यानुसार (मोफा) संस्था स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण व्हावयास हवे. विकासक टाळाटाळ करीत असल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची तरतूद 2008 मध्ये झाली. पुढे 2016 चा रेरा कायदा आला. इमारत संस्थेकडे सोपवीपर्यंत वाजवी आकारात अत्यावश्यक सेवा पुरविणे आणि पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दूर करणे, हे त्याने विकासकावर बंधनकारक केले.

मात्र भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. पेठांतील चिंचोळ्या जागांवरच्या अनेक इमारती या सवलतीत बसू शकतात. तेथील रहिवाशांना आधार उरतो तो मुख्यत्वे जुन्या मोफाचाच.

हा प्रश्न केवळ कागदाचा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. अशा वेळी तळमजल्यावरील मीटर, पंप व लिफ्टची दुरुस्ती कोणी व कोणत्या निधीतून करावयाची, याचे उत्तर संघटित संस्थेपाशीच असू शकते. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली की वाढीव चटईक्षेत्राचा लाभ कोणाला, हा वाद जमिनीच्या मालकीपाशीच येऊन थांबतो.

तेव्हा संस्थेची नोंदणी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता पत्रकावरील नाव एवढे तरी रहिवाशांनी वेळीच तपासलेले बरे. विकासक हयात व संबंध सलोख्याचे असताना जे एका सहीने होते, त्यासाठी पुढे वारसांच्या दारी आणि कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात.