दीड रुपयाचा हिशेब द्या!

वीज कशाकशापासून होते हे पाहायला बारामती-इंदापूरकरांना लांब जायला नको. शिरसुफळच्या माळावर महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरचे साखर कारखाने हंगामभर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून ग्रीडला वीज विकतात. इंदापूरची गावेच्या गावे पोटात घेऊन बसलेल्या उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. एवढे सगळे उशाशी, आणि आमचा शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला जातो!

दर बघा. २०२३ साली आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० च्या निविदांत सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळाली. कारखान्यांच्या या बगॅसच्या विजेला, म्हणजे सहवीजेला, त्याहून बराच चढा दर मिळूनही कारखानदारांनी परवडत नसल्याचा टाहो फोडला, आणि २०२४ मध्ये सरकारने युनिटमागे दीड रुपया अनुदान मंजूर केले; एकूण दर सहा रुपयांच्या आत ठेवण्याची अट घालून. आमचा सहवीजेला विरोध नाही. सूर्य मावळल्यावर सौर पट्ट्या निजतात, बॉयलर रात्रीही पेटता असतो. त्या विजेला दोन पैसे जादा पडले तर कुणाचे पोट दुखू नये.

पण बगॅस कोणाचा? टनभर उसामागे सुमारे २८० किलो बगॅस निघतो, तो उत्पादकाच्या घामाचा. सहवीजेचा दर मागताना हाच बगॅस महागडे इंधन म्हणून खर्चात धरला जातो. उसाचा दर ठरवणाऱ्या महसूल वाटपाच्या सूत्रात मात्र साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड एवढ्यांवरच गाडी थांबते. बगॅस जाळून झालेल्या विजेचा नफा बाहेर! जनतेच्या तिजोरीतून आलेल्या दीड रुपयातला छदाम तरी उसाच्या बिलात दिसला काय? ही सहकाराची रीत म्हणायची की सावकाराची?

अर्धवट हिशेबाची किंमत या राज्याने एकदा मोजली आहे. डिसेंबर १९९३ मध्ये, बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार झाला. हा प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी बजावले होते. सगळे धुडकावले. पुढे युनिट सात रुपयांवर गेले आणि २००१ मध्ये वीज मंडळाला खरेदीच थांबवावी लागली. त्या कराराच्या अटीही आधी लोकांपासून झाकूनच ठेवल्या होत्या!

म्हणून कारखान्यांच्या संचालक मंडळांना आम्ही बजावतो: यंदाच्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी वार्षिक सभेत तीन आकडे वाचा. किती युनिट विकले, एका युनिटला खर्च किती आला, आणि त्यातून सभासदाच्या टनामागे किती रुपये पडले. वाचवत नसेल, तर खुर्च्या सोडा.