घड्याळ फक्त आमचंच चालतं

शनिवारची सकाळ, हातात चहा आणि डोकं तापलेलं. कारण? बायकोचं लायसन.

प्रकरण तसं साधं. लर्निंग लायसन मिळालं की किमान ३० दिवस थांबायचं, मग पक्क्या लायसनची टेस्ट द्यायची. लर्निंग चालतं ६ महिने. म्हणजे हातात पाच महिने. भरपूर झाले की! कसले भरपूर... रोज रात्री स्लॉट शोधायचा आणि 'उपलब्ध नाही' वाचून झोपायचं. पाचव्या महिन्यात एकदाचा मिळाला. दोघांनी रजा टाकली, तिथे पोचलो, तर "आज टेस्ट नाही, साहेब मीटिंगला गेलेत." गेटबाहेरचा एजंट म्हणाला, "कशाला त्रास करून घेता? गुरुवारी करून देतो." आम्ही बाणेदारपणे नाही म्हटलं. पुढचा स्लॉट मिळेपर्यंत लर्निंग संपलं! आता पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा ३० दिवस.

"अहो, माणसं कमी आहेत तिथे," असं कुणीतरी म्हणेलच. असतील. पण मग एजंटचा गुरुवार कुठून उगवतो? तो काही घरून इन्स्पेक्टर घेऊन येत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे काम अडलं की ते कुणाकडे, किती दिवस पडून आहे हे अख्ख्या टीमला दिसतं. इथे अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, पण रांग नुसती रस्त्यावरून स्क्रीनवर आली. स्लॉटची वाट बघण्यात गेलेले दिवस कुणाच्याच नावावर लागत नाहीत.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची. सबळ कारणाशिवाय उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. आणि विनापरवाना गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड ५००० रुपये. कागदावर हिशोब कसा बरोबरीत! फरक एवढाच, की माझी पावती चौकात जागच्या जागी फाटते. त्यांच्यासाठी मी आधी अपील करायचं, मग दुसरं अपील करायचं...

माझी मागणी छोटी आहे. कार्यालयामुळे टेस्ट रद्द झाली, तर तेवढे दिवस लर्निंगची मुदत आपोआप वाढवा. अशक्य वगैरे सांगू नका. कोविडमध्ये, १ फेब्रुवारी २०२० नंतर संपणाऱ्या परवान्यांची मुदत केंद्र सरकारने परिपत्रकं काढून ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेलीच होती की! म्हणजे घड्याळ थांबवता येतं. फक्त थांबवायची इच्छा हवी.

असो. सोमवारी पुन्हा अर्ज भरतोय, एजंटशिवायच. बघू, आधी कोण दमतंय.