शाळेचा प्रोजेक्ट नेमका कोण करतं, मुलं की पालक?

रात्रीचे अकरा वाजलेत. आई पुठ्ठा कापतेय, बाबा फेविकॉल लावतायत आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे ते मूल कधीच झोपी गेलंय. हे दृश्य अनेक घरांत ओळखीचं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी '१० दिवस दप्तराविना' ही कल्पना आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकावं, हातांनी काम करावं, अशी अपेक्षा आहे. पण मुलांच्या हातातलं काम मोठ्यांनी काढून घेतलं, तर दप्तर बाजूला ठेवून काय साधणार?

मुलंच जिंकतात, असं का?

'मार्शमॅलो चॅलेंज' हा खेळ जगभर प्रसिद्ध आहे. चार जणांच्या गटाला २० कच्च्या स्पॅगेटी, सुमारे ९० सेंटिमीटर चिकटपट्टी, तेवढीच दोरी आणि मार्शमॅलो नावाची एक मऊ गोळी मिळते. १८ मिनिटांत मनोरा उभा करून गोळी त्याच्या टोकावर ठेवायची.

डिझायनर टॉम वुजेक यांनी २०१० मधल्या टेड व्याख्यानात सांगितलं, की या खेळात बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरतात. मोठी मंडळी बराच वेळ चर्चेत आणि आराखड्यात घालवतात. शेवटच्या मिनिटाला गोळी वर ठेवली की तिच्या वजनाने सगळं कोसळतं. मुलं मात्र सुरुवातीपासूनच गोळी लावून बघतात. मनोरा पडला, की बदल करून पुन्हा उभा करतात.

अर्थात, सगळ्यात उंच मनोरे आर्किटेक्ट आणि इंजिनिअरच बांधतात. म्हणजे ज्ञान लागतंच, पण करून बघण्याची सवयही तितकीच लागते.

मोठ्यांनी हात लावायचा नाही

अमेरिकेत १९७८ साली सुरू झालेल्या 'ओडिसी ऑफ द माइंड' स्पर्धेने हाच मुद्दा नियमात बसवला. जास्तीत जास्त सात मुलांचा संघ, सामानाच्या खर्चावर मर्यादा आणि एक कडक अट: कल्पना आणि काम दोन्ही मुलांचंच हवं. बाहेरच्यांनी मदत केली तर गुण कापले जातात.

आपल्याकडे काय?

महागडं साहित्य लागतं, ही सबब इथे चालणार नाही. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ अशा वस्तूंतून विज्ञानाची असंख्य खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खरी अडचण गुणांची आहे. गुण सुबक, चकचकीत वस्तूला मिळणार असतील, तर पालक हात घालणारच. यात नुकसान दोघांचं होतं. ज्याचा प्रोजेक्ट घरच्यांनी केला, ते मूल काही शिकत नाही. आणि ज्याच्या आईवडिलांकडे वेळ किंवा पैसा नाही, त्याचं स्वतःच्या हाताने केलेलं, जरा वाकडंतिकडं काम मागे पडतं.

मग करायचं काय?

- काम घरी न देता वर्गातच, गटात करून घ्यायचं.
- सगळ्यांना सारखंच सामान द्यायचं. उदाहरणार्थ, जुनी वर्तमानपत्रं, थोडी चिकटपट्टी आणि एक चेंडू. २० मिनिटांत चेंडू पेलणारा उंच मनोरा उभा करायचा.
- शिक्षकांनी फक्त घड्याळ बघायचं.
- शेवटी विचारायचं: काय कोसळलं? मग काय बदललं? गुण या उत्तरांना द्यायचे.

पालकांसाठी यातलं सगळ्यात अवघड काम एकच आहे: मनोरा पडताना दिसत असूनही गप्प बसणं.